विश्लेषण : ७२ लाख अंकी मूळ संख्येला देवळालीच्या शिक्षकाची कसोटी, कोण होते द. रा. कापरेकर?

दोन हा अंक २,४०,३६,५८३ वेळा मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा. जी संख्या मिळेल तिच्यात ७२,३५,७३३ अंक असतील. सेकंदाला एक अंक या वेगाने ती अखंड वाचत बसले तर ८३ दिवस उलटून गेले तरी वाचन संपणार नाही. ही प्रचंड संख्या 'मूळ' आहे, म्हणजेच एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही, हे मे २००४ मध्ये समजले. ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबडी या गणितज्ञाने तिच्याविषयी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. ही संख्या 'स्वयंभू'ही आहे. संख्येच्या स्वयंभूपणाची ही कल्पना नाशिकजवळच्या देवळाली या गावात शाळेत शिकवणाऱ्या एका मराठी शिक्षकाची. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. हयातीत बराच काळ ज्यांच्या कामाकडे खेळ म्हणून पाहिले गेले, त्या कापरेकरांचे नाव आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत कसे पोहोचले, याविषयी...

मूळ संख्या म्हणजे काय?

शाळेत शिकलेली व्याख्या सोपी आहे. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या. १२ ही मूळ नाही, कारण तिला २, ३, ४, ६ यांनी भाग जातो. संख्या लहान असेपर्यंत हे डोळ्यांना दिसते, ती मोठी झाली की दिसत नाही.

रायगड किनाऱ्यावरचेच उदाहरण घेऊ. मुरूडचा पिनकोड ४०२४०१. ही संख्या मूळ आहे का? शेवटी १ आहे म्हणजे २ आणि ५ ने भाग जाणार नाही. अंकांची बेरीज ११ येते म्हणजे ३ ने जाणार नाही. ७, ११, १३, १७ लावून पाहिले तरी काही ना काही बाकी उरते. एव्हाना संख्या मूळ असावी असे वाटू लागते. पण १९ ने भाग लावला की ती बरोबर सुटते : १९ गुणिले २१,१७९. सहा अंकी संख्येसाठीच एवढी मेहनत लागत असेल, तर ७२ लाख अंकी संख्येला एकेक भाजक लावून पाहणे अशक्यच.

मग एवढी मोठी मूळ संख्या सापडली कशी?

त्यासाठी गणितज्ञांनी एक खास कुळी निवडली आहे. दोनाचा घात घ्यायचा आणि एक वजा करायचा. अशाने ३, ७, ३१, १२७ या मूळ संख्या मिळतात. सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांच्या नावावरून त्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. अट अशी की घातांक स्वतः मूळ असला पाहिजे. तेवढ्यानेही काम भागत नाही. ११ हा घातांक मूळ आहे, पण त्यातून येणारी २०४७ ही संख्या २३ आणि ८९ यांचा गुणाकार निघते.

या कुळीचा फायदा असा की तिच्यासाठी लुकास-लेहमर नावाची स्वतंत्र चाचणी आहे. त्यामुळे एकेक भाजक न शोधताही संख्या मूळ आहे की नाही हे संगणक ठरवू शकतो. १९९६ पासून 'जिम्प्स' नावाच्या प्रकल्पात जगभरचे हौशी लोक आपापल्या संगणकांवर हा शोध घेत आहेत. सुरुवातीला सांगितलेली संख्या याच प्रकल्पात सापडली आणि ती ४१वी मर्सेन मूळ संख्या ठरली. त्यानंतर शोध पुढे गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सर्वात मोठ्या ज्ञात मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. अशा संख्या कधी संपतात की अनंत आहेत, याचे उत्तर अजून कोणालाही सापडलेले नाही.

कापरेकर कोण होते?

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. म्हणजे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन ज्या किनाऱ्यावर आहेत, त्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाची आवड होती. फलज्योतिषाला शास्त्राचा आधार नसला तरी पत्रिका मांडायला आकडेमोड भरपूर लागते. मुलाला अंकांची गोडी लागली ती या घरात.

माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. कोडी सोडवण्यात, गणिते झटपट करण्याच्या युक्त्या शोधण्यात तासन्‌तास जात. १९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२७ मध्ये विद्यार्थ्याने केलेल्या स्वतंत्र गणिती कामासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय र. पु. परांजपे यांच्या नावाचे हे पारितोषिक. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी मिळाली. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. त्याच वर्षी ते देवळालीत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले.

म्हणजे विद्यापीठ नाही, संशोधनाची शिष्यवृत्ती नाही, मार्गदर्शक नाही, मोठे ग्रंथालय हाताशी नाही. शाळा सुटल्यावर वही, पेन्सिल आणि आकडे. जे सापडेल ते गणिताच्या नियतकालिकांकडे पाठवायचे किंवा छोट्या पुस्तिका करून स्वतःच छापायच्या, अशी त्यांची रीत होती. गणित परिषदांनाही ते आवर्जून जात.

रेल्वे स्थानकावरून संख्यांना नाव कसे मिळाले?

कापरेकरांच्या कामाची पद्धत समजून घ्यायला 'डेम्लो संख्या' हे चांगले उदाहरण आहे. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, त्यांना या संख्यांची कल्पना सुचली आणि स्थानकाचेच नाव त्यांनी संख्यांना दिले. १६५ पाहा. टोकाच्या १ आणि ५ ची बेरीज ६, आणि मध्ये ६ च आहे. २५५३ मध्ये २ आणि ३ ची बेरीज ५, आणि मध्ये दोन वेळा ५. अशा बांधणीच्या त्या डेम्लो संख्या.

त्यातला सर्वात देखणा प्रकार नुसत्या एकांपासून तयार होतो. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ अशी चढून पुन्हा उतरणारी संख्या मिळते. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरला तिचे सगळे अंक दाखवणे बहुधा जमणार नाही, कागदावर मात्र ती सहज येते.

आता पुन्हा मूळ संख्यांकडे येऊ. नुसत्या एकांच्या या संख्यांपैकी मूळ किती? ११ मूळ आहे. पण १११ म्हणजे ३ गुणिले ३७, ११११ म्हणजे ११ गुणिले १०१, आणि ११,१११ म्हणजे ४१ गुणिले २७१. अकरानंतर थेट १९ वेळा १ लिहिल्यावर मूळ संख्या मिळते. नंतर २३ वेळा. त्यापुढची ३१७ वेळा, आणि तिच्या पुढची १,०३१ वेळा १ लिहिल्यावर. ही १,०३१ अंकी संख्या मूळ असल्याची सिद्धता ह्यू विल्यम्स आणि हार्वे डबनर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. कापरेकरांचे निधन झाले तेच हे वर्ष.

दोन मूळ संख्यांमधले हे नाते जवळचे आहे. संगणक ० आणि १ या दोनच अंकांत मोजतो. त्याच्या लेखनात ३ म्हणजे ११, ७ म्हणजे १११ आणि ३१ म्हणजे १११११. सुरुवातीची ७२ लाख अंकी संख्या संगणकाच्या भाषेत लिहिली तर २,४०,३६,५८३ वेळा नुसता १ येतो. दुसरा अंकच नाही.

६१७४ चे कोडे काय आहे?

कापरेकरांचे नाव सर्वाधिक घेतले जाते ते ६१७४ या संख्येमुळे. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. कृती अशी : कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. पुढे कितीही वेळा केले तरी ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४ च.

कापरेकरांचेच जन्मवर्ष घेऊ, १९०५. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. आता त्यांचे निधनवर्ष, १९८६. ९८६१ वजा १६८९ म्हणजे ८१७२. इथे दोन्ही वाटा एकत्र येतात आणि शेवट अर्थातच ६१७४. मांडव्याला रो-रोच्या रांगेत थांबला असाल तर पुढच्या गाडीच्या 'एमएच ०६' पाटीवरचे चार आकडे घेऊन करून पाहा.

त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'कापरेकर संख्या' वेगळ्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे केले तर २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८,२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ चा वर्ग ४,९४,२०९, आणि ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३.

मग स्वयंभू संख्या म्हणजे काय?

कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. २८ मध्ये १० मिळवले की ३८. पुढे ४९, ६२, ७०... २३ ही २८ ची जनक झाली, २८ ही ३८ ची. काही संख्यांना दोन जनक असतात. ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१, आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१.

कापरेकरांनी उलटा प्रश्न विचारला. जिला जनकच नाही अशी संख्या आहे का? २० घ्या. १४ मधून १९ मिळते, १५ मधून २१ मिळते. २० कशातूनच मिळत नाही. अशा संख्यांना त्यांनी 'सेल्फ नंबर' म्हटले, मराठीत स्वयंभू. पालीचा बल्लाळेश्वर कोणी घडवला नाही म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात, तोच हा अर्थ. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या सुरुवातीच्या स्वयंभू संख्या. त्यातल्या ३, ५, ७, ३१, ५३, ९७ या मूळही आहेत. एखादी संख्या मूळ आणि स्वयंभू अशी दोन्ही असणे म्हणजे दोन वेगळ्या चाळण्यांतून एकाच वेळी पार होणे.

सालांचेही असेच. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ स्वयंभू नाही, कारण १८८४ मध्ये २१ मिळवले की ते येते. २०२२ स्वयंभू होते. त्यानंतरचे स्वयंभू वर्ष २०३३.

एवढ्या मोठ्या संख्येचा स्वयंभूपणा तपासायचा कसा?

कापरेकरांचे काम निव्वळ गंमत नव्हते, हे इथे कळते. एखाद्या संख्येला जनक नाही असे म्हणायचे तर तिच्याआधीच्या सगळ्या संख्या तपासायला हव्यात, असे वाटते. कापरेकरांनी त्यासाठी छोटी कसोटी दिली. दिलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जा. उरलेला अंक सम असेल तर त्याची निमपट घ्या, विषम असेल तर त्यात ९ मिळवून निमपट घ्या. ही निमपट मूळच्या संख्येतून वजा करा आणि उत्तर त्या संख्येचे जनक आहे का ते पाहा. नसेल तर त्यातून ९ वजा करा आणि पुन्हा पाहा. संख्येत जितके अंक तितक्या वेळा हे करूनही जनक सापडला नाही, तर संख्या स्वयंभू.

६२ वर करून पाहू. ६ अधिक २ म्हणजे ८, निमपट ४. ६२ वजा ४ म्हणजे ५८. ५८ अधिक १३ म्हणजे ७१, जमले नाही. ५८ वजा ९ म्हणजे ४९. ४९ अधिक १३ म्हणजे ६२, जनक सापडला. आता ५३. ५ अधिक ३ म्हणजे ८, निमपट ४. ५३ वजा ४ म्हणजे ४९, त्यातून ६२ येते, ५३ नाही. ४९ वजा ९ म्हणजे ४०, त्यातून ४४ येते. दोन अंकी संख्येसाठी दोन पायऱ्या झाल्या, जनक नाही. ५३ स्वयंभू.

कसोटीमागचे कारण शाळेतलेच आहे. कोणत्याही संख्येला ९ ने भागल्यावर जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यावरही उरते. त्यामुळे जनकाच्या अंकांची बेरीज काय असू शकते यावर बंधन येते आणि नवांपैकी आठ शक्यता आपोआप बाद होतात. शिवाय ७२ लाख अंकी संख्येत प्रत्येक अंक ९ असला तरी अंकांची बेरीज ६ कोटी ५१ लाख २१ हजार ५९७ च्या वर जात नाही. म्हणजे जनक असलाच तर तो फार दूर नसतो. संख्या अवाढव्य असली तरी शोधायची जागा मर्यादित राहते. या कसोटीने ७२ लाख अंकी संख्येसाठीही सुमारे ७२ लाख पायऱ्याच पुरतात. हाताने ते अशक्य आहे, पण संगणकाच्या आवाक्यात आहे.

मग गणितज्ञांनी त्यांची दखल का घेतली नाही?

दुर्लक्षामागे एक खरा आक्षेप होता आणि तो समजून घ्यायला हवा. ७२ लाख अंकी संख्या मूळ आहे हे कोणत्याही लेखनात खरे राहते. आपल्या दहा अंकांत लिहा, संगणकाच्या दोन अंकांत लिहा किंवा दगडगोटे मांडा, तिचे समान वाटे पडणार नाहीत. स्वयंभूपणा मात्र आपण संख्या दहाच्या पटीत लिहितो म्हणून आहे. माणसाला आठ बोटे असती आणि आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तर स्वयंभू संख्यांची यादी वेगळी निघाली असती आणि ६१७४ ला महत्त्व आले नसते. म्हणून अंकांच्या मांडणीवर आधारलेल्या गणिताला व्यावसायिक गणितज्ञ करमणुकीच्या खान्यात टाकत. विद्यापीठाबाहेरचा, पदव्युत्तर पदवी नसलेला शाळामास्तर ते मांडत असेल तर दुर्लक्ष करणे आणखी सोपे होते. परिषदांमध्ये त्यांच्या विषयांना क्षुल्लक ठरवले जाई.

पण आक्षेप खरा असला तरी अपुरा होता. दहाची पद्धत माणसाने निवडली हे मान्य केले, तरी ती निवडल्यावर काय घडते हे माणसाच्या हातात राहत नाही. चार अंकी संख्या सातच पायऱ्यांत ६१७४ ला का पोहोचतात, याला कारण आहे आणि ते शोधावे लागते. स्वयंभू संख्या किती, त्या कशा विखुरलेल्या असतात, हे प्रश्न सोपे नाहीत. इटालियन गणितज्ञ उम्बेर्तो झानियेर यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले, की स्वयंभू संख्या कितीही पुढे गेले तरी विरळ होत होत नाहीशा होत नाहीत, सर्व संख्यांमध्ये त्यांचा ठरावीक वाटा कायम राहतो. मूळ संख्यांचे तसे नाही. त्या अनंत असल्या तरी पुढे पुढे विरळच होत जातात.

जगाला कापरेकर कधी कळले?

१९६२ मध्ये कापरेकर निवृत्त झाले. १९६३ मध्ये स्वयंभू संख्यांवरची त्यांची पुस्तिका देवळालीतूनच निघाली. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून त्यांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. एकीकडे घरखर्चाची जुळवाजुळव आणि दुसरीकडे अंकांचा शोध असे ते दिवस होते. त्यांना 'गणितानंद' म्हणत, ते याच न सुटणाऱ्या छंदामुळे.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिताच्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांविषयी लिहिले. गार्डनर यांचे सदर तेव्हा जगभरचे गणितप्रेमी वाचत. देवळालीत छापलेल्या पुस्तिकांमधले विषय एकदम बाहेरच्या वाचकांसमोर गेले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. शाळेत शिकवत असतानाच्या काळात जी दखल हवी होती, ती निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी आली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज त्यांच्या कामाचे काय झाले?

त्यांची एक कल्पना पुढच्या मूळ संख्यांच्या शोधाला विचित्र रीतीने जाऊन भिडली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी संस्कृतवरून 'हर्षद' म्हटले, आनंद देणारी. अमेरिकेत याच संख्या गणितज्ञ आयव्हन निवेन यांच्या नावानेही ओळखल्या जातात. अशा संख्या सलग किती येऊ शकतात? कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी या अमेरिकी गणितज्ञांनी १९९३ मध्ये सिद्ध केले की सलग २० येऊ शकतात, २१ कधीच नाही. याच कर्टिस कूपर यांच्या चमूने पुढे जिम्प्स प्रकल्पात जगातली त्या त्या वेळची सर्वात मोठी मूळ संख्या एकापेक्षा अधिक वेळा शोधली. म्हणजे अंकांच्या बेरजेचा 'खेळ' आणि मूळ संख्यांचा 'गंभीर' शोध एकाच माणसाच्या टेबलावर नांदू शकतो.

या सगळ्याचा रोजच्या जीवनात उपयोग काय, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणारच. मूळ संख्यांचा उपयोग तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे. बँकेचे ॲप किंवा खरेदीचे संकेतस्थळ तुमची माहिती कुलूपबंद करते त्यातली एक प्रमुख पद्धत दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. गुणाकार करणे सोपे, पण तो गुणाकार पाहून मूळ जोडी शोधणे अतिशय कठीण. मुरूडच्या पिनकोडातून १९ शोधायला लागली तीच मेहनत शेकडो अंकी संख्येवर करावी लागली तर किती, याची कल्पना करा. त्यासाठी शेकडो अंकी मूळ संख्या पुरतात, लाखो अंकी लागत नाहीत. ७२ लाख अंकी संख्येचा असा थेट उपयोग नाही. स्वयंभू संख्यांचाही नाही. त्या शोधताना तयार झालेल्या पद्धती आणि शोधणाऱ्यांना लागलेली सवय एवढेच हाती राहते. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना आज ६१७४ चे कोडे सराव म्हणून दिले जाते, तेव्हा शाळामास्तर कापरेकरांचा तास अजून सुरू आहे असे म्हणायला हरकत नाही.

रायगडच्या वाचकांनी काय करून पाहावे?

कापरेकरांच्या गणिताला पदवी लागत नाही, चार क्रिया आल्या की पुरे. अलिबागचा पिनकोड ४०२२०१. अंकांची बेरीज ९. आणि ४,०२,२०१ ला ९ ने भागले की ४४,६८९ असा पूर्ण भाग जातो. म्हणजे अलिबागचा पिनकोड हर्षद आहे. मुरूडचा ४०२४०१ घेतला तर अंकांची बेरीज ११, पण ११ ने भागल्यावर १० बाकी उरते. श्रीवर्धनचा ४०२११०, बेरीज ८, आणि ८ ने भागल्यावर ६ बाकी. दोन्ही हर्षद नाहीत.

आता आपल्या गावाचा पिनकोड घ्या, गाडीचा क्रमांक घ्या, घरातल्या मुलांचे जन्मवर्ष घ्या. ते मूळ आहे का, हर्षद आहे का, स्वयंभू आहे का, ते कसोटी लावून पाहा. मुलांच्या हाती फोन देण्यापूर्वी पाच मिनिटे कागद द्या. कापरेकरांना डोंबिवलीच्या फलाटावर एवढीच साधने पुरली होती.